पहिल्या नारळाचं घर

"खोटं! साफ खोटं बोलतोय ह्यो!" भर चावडीसमोर धोंडबा धनगर ओरडत होता. "माझी आय दोन वरसं नारळाची वाट बगतीया, आन् ह्यो खुशाल थापा मारतोय!"

मी चावडीच्या पायऱ्यांवर उभा, समोर पुण्याचे एक प्रोफेसर वही उघडून, भोवती जत्रेची गर्दी...

आधीच सांगतो — भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अहो, साताऱ्यापासून कोरेगावपर्यंतची निम्मी भुतं मीच तयार केलेली! बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट.

आमचं गाव डोंगरमाथ्यावरचं. ज्या घराण्यानं ते वसवलं, त्याच्याकडे जत्रेचा पहिला नारळ जातो. तो आल्याशिवाय त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. मान धोंडबाच्या घराचा. पण मी पारावर ठोकून दिलं — माझ्या खापरपणजोबांनी, रंगरावांनी, सात वाघ लोळवून गाव वसवलं! लोकांना वाघ आवडले. सलग दोन जत्रांचा नारळ माझ्या घरी आला, आणि मी त्याच्या वड्या करून खाल्ल्या.

आता प्रोफेसर गावाची हिस्ट्री लिहायला आलेले. माझे सात वाघ टिपून घेत म्हणाले, "हं, मूळ पुरुषाचं नाव?"

मी "रंगराव" म्हणायला तोंड उघडलं... आणि निघालं, "ठकूबाई धनगरीण. मेंढरं घेऊन एकटी वर आली. तिची चूल ह्या दुसऱ्या पायरीखाली हाय."

आवाज माझाच. शब्द माझे नव्हते! हे नाव धोंडबानंही कधी ऐकलं नव्हतं.

चौघांनी पहार घालून पायरी उचलली. खाली तीन दगड, काजळी धरलेले. मधे राख. मी फुगवून सांगत नाही; फुगवायचं असतं तर सोन्याचा हंडा काढला असता.

ते माझ्या तोंडी कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही. लय डोकं खाजवलं... नाहीच.

नारळ घेऊन मीच धोंडबाच्या घरी गेलो. मान वर होईना. म्हातारी उंबऱ्यात बसलेली. तिचे पाय धरले. "आज्जी, चुकलो. तुमचा मान मी खाल्ला. पर त्या चुलीचं मला कुनी सांगितलं वो?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ठेव तितं," ती म्हणाली. "सूनबाई, चूल पेटव."