म्हाताऱ्याने ओळखलेली शीळ

झुंजींतून सोडवलेल्या कुत्र्यांचा आश्रम ताई चालवायची. "यांना एकमेकांच्या नरड्यावर सोडणारा समोर येऊ दे, सोलूनच काढते मेल्याला," असं ती उठताबसता म्हणायची. तिचा पाठचा भाऊ मान डोलवायचा. आश्रमाचे पत्रे त्यानंच दिले होते; ताईला त्याचं कोण कौतुक! फाटकाच्या आत मात्र तो कधी यायचा नाही. "कुत्र्यांची भीती वाटते गं," म्हणायचा.

आज ताईनं त्याला हाताला धरून आत ओढलंच. बावरला की तो लहानपणापासून शीळ घालायचा, तशी त्यानं घातली. फाटक्या कानाचा म्हातारा कुत्रा उन्हात घोरत पडला होता. एरवी कुणाच्याही शिळेला तो ढिम्म हलत नसे. आज मात्र तो ताडकन उठला, कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून थरथरत उभा राहिला. झुंजीआधी कुत्र्यांना असंच उभं करतात, मालक सोडेपर्यंत. ताईला ते पुरतं ठाऊक होतं.

"काय झालं गं याला?" भावानं विचारलं.

ताईनं त्याचा हात सोडला.

"भीती वाटते म्हणायचास," ती म्हणाली. "खरंच बोलत होतास की रे."