घामाचा कारकून

सुमंत हरडे या माणसाने मान वर करून आमच्याकडे पहिल्यांदा पाहिलं, तोवर मी दारात उभा राहून म्हातारा झालो होतो. माझ्यासोबतच्या शामरावांची दाढी बोटभर वाढली, कोपऱ्यातल्या मनीप्लांटला चार पानं फुटली, बाहेर छत्तीसगडात बहुधा एखादी निवडणूकही होऊन गेली. मग भाजीवाला संध्याकाळी उरलेल्या भेंडीकडे पाहतो तशा नजरेने त्याने आम्हाला न्याहाळलं आणि विचारलं, "टोकन?"

जुनवानीकडच्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रेकॉर्ड रूम आहे. हरडे तिथला मेडिकल कोडर. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराला जगभर ठरलेला नंबर द्यायचा, एवढंच काम. पण तो ते अशा थाटात करायचा, की आजार त्याच्या सहीशिवाय कुणाला होतच नाहीत. त्वचारोग विभाग त्याच्याकडे, म्हणून घामाचे सगळे नंबर पाठ. घामोळं म्हणजे एल चौऱ्याहत्तर पॉइंट शून्य. घाम मुळीच न येणं, पॉइंट चार. आणि डॉक्टरांनी नीट लिहिलंच नसेल तर पॉइंट नऊ, म्हणजे 'अनिर्दिष्ट'. या घामाच्या अधिकाऱ्याला स्वतःला मात्र जन्मात कधी घाम आला असेल असं वाटत नव्हतं. एसी सोळावर आणि ऐन मार्चअखेर अंगात बिनबाह्यांचा स्वेटर!

शामराव रुआबांध्यात माझे शेजारी. एका रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे उभं राहण्याची नोकरी. गेल्या वर्षीपासून त्यांना घाम येणं बंद झालं. अंग नुसतं तापायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. भट्टीपुढे दोनदा कोसळले. मिलचा मॅनेजर म्हणाला, घाम येत नाही असा हॉस्पिटलचा कागद आणा, स्टोअरमध्ये बसवतो. उन्हाळा तापायच्या आत तो कागद हवा होता.

त्वचारोगाच्या डॉक्टर वसुंधराबाईंनी तपासणी अगदी शास्त्रोक्त केली. शामरावांच्या पाठीला आयोडीन लावलं, वर स्टार्चची पावडर भुरभुरली आणि त्यांना गरम खोलीत बसवलं. घाम आला की ती पावडर काळीनिळी होते. शामराव पाऊण तासाने उठले तेव्हा पाठ आत गेली तशीच बाहेर आली, बेसनात घोळलेल्या वांग्याच्या कापासारखी. "अहो, तुम्हाला तर घामच येत नाही!" बाई म्हणाल्या. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते, म्हणून कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं: घर्मग्रंथींचा विकार. हरडेने त्यावर पॉइंट नऊ ठोकला. मॅनेजरने कागद परत केला. "अनिर्दिष्ट म्हणजे काय? घामाचा त्रास भट्टीपुढे सगळ्यांनाच आहे."

म्हणून आम्ही हरडेच्या दारात उभे होतो.

"साहेब, मले घामच येत नाही ना," शामराव म्हणाले.

"काका, हे तुम्ही सांगून राहिले. डॉक्टरनं कुठं लिहिलं?"

"मॅडमनं तोंडानं सांगितलं! हे होते सोबत."

"तोंडाले कोड नसते, काका. लिखा नहीं, मतलब हुआ नहीं."

"अन् मी दोनदा पडलो ते?"

"त्याचं कोड वेगळं आहे," हरडे शांतपणे म्हणाला.

मी मधे पडलो. वसुंधराबाईंची केबिन पलीकडेच होती, मधे प्लायवूडची भिंत. त्यांची शिंकसुद्धा इकडे ऐकू यायची. "हरडे, उठा, जा आणि विचारा. बारा पावलं आहेत."

त्याला जणू मी दरोडा घालायला सांगितलं. "सर, कोडरनं डॉक्टरच्या तोंडात शब्द टाकायचा नसते. नियम आहे. लेखी क्वेरी पाठवतो."

नियम खराच आहे, आणि कुणी लबाडीने आजार फुगवून लिहू नये म्हणून केलेला आहे. पण चांगला नियम हरडेच्या हाती पडणं म्हणजे शिवणाची कात्री माकडाच्या हाती पडणं. आम्ही बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, फाइल बंद झाली, आता क्वेरी आली की तिथूनच दुरुस्ती होईल.

क्वेरी गेली. "रुग्णास घाम (अ) जास्त येतो, (ब) कमी येतो, (क) मुळीच येत नाही?" नऊ दिवसांनी बाईंचं उत्तर आलं: "होय."

दुसऱ्या कुणीही कपाळावर हात मारून घेतला असता. हरडेने दुसरी क्वेरी टाइप केली: "आपल्या 'होय'चा खुलासा व्हावा." त्याला आठ दिवसांनी उत्तर आलं: "पाहिलं." तेव्हा हरडेने ते प्रिंट काढून फाइलला लावलं, पंच केलं, शिक्का मारला आणि तिसरी क्वेरी लिहायला घेतली. त्याच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती मी फक्त जेवणानंतर सुपारी कातरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

त्याची बायको प्रणिता एकदा बाजारात भेटली. मी तक्रार केली, तर तीच भडकली. "भाऊजी, तुमाले काय सांगू! पोरीले घामोळं आलं. म्हटलं पावडर आणा. तं म्हणते, डॉक्टरनं घामोळं लिहिलं का? मी म्हटलं, कावून, डोळे फुटले का तुमचे? तं म्हणते, डोळ्यानं पाहिलेलं रेकॉर्डमधी चालत नाही."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शामराव तिसऱ्यांदा कोसळले. या वेळी भट्टीपासून चार हातांवर. त्यांची बायको रत्नमाला दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर जाऊन बसली आणि नवऱ्याला घरी घेऊन आली. तिसऱ्या क्वेरीचं उत्तर यायच्या आत वसुंधराबाई हॉस्पिटल सोडून नागपूरला गेल्या. नवे डॉक्टर म्हणाले, तपासणी पुन्हा करावी लागेल.

जूनमध्ये हॉस्पिटलच्या रेकॉर्डची तपासणी झाली. शामरावांच्या फाइलमध्ये एकही चूक निघाली नाही, म्हणून हरडेला प्रशस्तिपत्र मिळालं.

शामरावांनी तोवर मिल सोडली होती. ते आता पावर हाउसच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात तागे उचलतात.