दुसरं बरोबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही हेमंतला ओळखत नाही.

हेमंत धुळ्याचा. जळगावात आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या हाताखाली होता, मला अक्का म्हणायचा. आमची प्रणाली केळीच्या गाड्यांचा माग ठेवायची — कुठली निघाली, कुठली थांबून आहे. तिच्याकडून माहिती कशी मागायची याचं मार्गदर्शक मी लिहायचे. मजकूर कोण वाचतो हो? लोक उदाहरण उचलतात आणि चिकटवतात.

माहिती मागायच्या त्या भाषेचं नवं प्रमाण आलं. सगळी उदाहरणं त्यात बसवायची, प्रत्येक चालवून बघायचं, हे काम माझ्याकडे. मी चालवलं नाही. नजरेखालून घातली आणि 'तपासलं' म्हणून कळवून टाकलं. का? कंटाळा आला होता — दुसरं काही नाही.

नव्या प्रमाणात तुलना करायला 'बरोबर'ची दोन चिन्हं लागतात. थांबलेल्या गाड्यांच्या उदाहरणात माझ्याकडून एकच राहिलं. आमची प्रणाली अशा वेळी चूकही दाखवायची नाही, गुमान रिकामी यादी द्यायची. हेमंतने तेच उदाहरण नरडाण्याच्या एका शीतगृहासाठी जसंच्या तसं वापरलं. तिथल्या पडद्यावर एकही गाडी थांबलेली दिसेना. आणि बोलावणं येईल म्हणून ड्रायव्हर फाट्यावर ताटकळत होते — मे महिन्याच्या उन्हात, मागे केळी काळी पडत होती.

साहेबांनी बैठक बोलावली. त्याआधी मी मार्गदर्शकातलं ते उदाहरणाचं पान उघडलं, दुसरं चिन्ह टाकलं आणि बंद केलं.

हेमंत घाबरला की घरची बोली बोलायचा. "अक्का, मी तुन्हं उदाहरण पाहीसनच लिखेल शे. मन्ही चूक कोठे शे?"

साहेबांनी मला विचारलं, उदाहरण बरोबर होतं का?

"बरोबर होतं," मी म्हणाले.

पान पडद्यावर लावलं. दोन चिन्हं. हेमंत किती तरी वेळ बघत राहिला. तेव्हा बोलता आलं नसतं का मला? आलं असतं. शेवटी तोच म्हणाला, "चूक मन्हीच व्हई, अक्का." त्याची नोकरी गेली. आणि मला — लाज वाटते लिहायला — मला हायसं वाटलं.

परवा मेहरूणला तलावाकाठी भेटला. पारोळ्याला भावाच्या दुकानात बसतो. बायकोला माझी ओळख करून दिली — यांनीच मला काम शिकवलं म्हणून. मग हसत म्हणाला, "कॉम्प्युटरनं काम सोडी दिधं, अक्का. मन्ही नजरच कच्ची शे."

मी काय केलं? मीही हसले. होतं असं कधी कधी, म्हणाले.

त्याची नजर चांगली होती. तिथे एकच चिन्ह होतं, आणि त्याने एकच लिहिलं होतं.