साखळीच्या फटीतून

समोरच्या फ्लॅटमधल्या मालतीकाकू एकट्याच राहतात. रोजच्या दूधवाल्यालाही त्या दाराची साखळी न काढता फटीतून नीट न्याहाळतात. काल त्याच काकू मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, यांच्या पेन्शनचा मेल आलाय. कुठं दाबायचं तेवढं दाखव."

मी वाचू लागले. 'आदरणीय मालतीताई, आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे. पेन्शन बंद होऊ नये म्हणून खालच्या लिंकवर आजच बँकेचा पासवर्ड भरावा.'

"काकू, हा चोर आहे."

"चोर कधी तब्येत विचारतो का?" त्या दुखावल्या. "मी तर त्याला उत्तरही पाठवलं, बरी आहे म्हणून. कुणी आपुलकीनं विचारलं तर गप्प बसायचं?"

मेल मी डिलीट केला, पण मनातून तो जाईना. दाराशी आलेल्या माणसाची नजर दिसते, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला दिसतात. या मेलला ना नजर, ना चपला. एकट्या माणसाला काय ऐकायचं असतं, हे मात्र त्याला नेमकं ठाऊक. तेव्हापासून मला प्रत्येक गोड वाक्याचा संशय येतो. काकूंनाही मी तेच बजावलं, "फार गोड बोललं कुणी, की सावध व्हायचं."

आज सकाळी मुद्दाम त्यांची बेल वाजवली. दार फटीपुरतं उघडलं.

"काकू, तब्येत बरी आहे ना?"

त्यांनी फटीतून मला नीट न्याहाळलं. "का गं?" त्यांनी विचारलं. "आजच कशी आठवण झाली?"

साखळी त्यांनी काढली नाही.