सेल काढल्यावरही भरत गेलेल्या सहा जागा

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा. म्हणूनच हे लिहायला चार महिने लागले...

आम्ही धानोऱ्याचे, तालुका नंदुरबार. वडिलांना, म्हणजे आण्णांना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात थरथरतो, रिमोटची बारीक बटणं जमत नाहीत. म्हणून गेमचा कंट्रोलर आणला. एक गोष्ट तरी त्यांनी स्वतःची स्वतः करावी, एवढीच इच्छा.

दुपारचे तीन दहा. टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर गाणी-सिनेमे लावायचं मीडिया सेंटर उघडलं. नव्या कंट्रोलरची बटणं त्याला आधी ओळखवून द्यावी लागतात: पडद्यावर कंट्रोलरचं चित्र येतं, एकेक जागा चमकते, ते बटण दाबलं की ती भरते. बारा जागा — सहा डाव्या, सहा उजव्या. डाव्या सहा आण्णांनी भरल्या. उजव्या मी दाबणार होतो. मी हात लावण्याआधीच त्या भरू लागल्या. एक, दोन... सहा. मग पुन्हा पहिल्यापासून.

कंट्रोलर घेऊन मी दोन्ही सेल काढले, खिशात टाकले, कंट्रोलर परत आण्णांच्या पुढ्यात ठेवला. आता डाव्या जागा रिकाम्या जात होत्या. उजव्या भरतच होत्या.

टीव्ही बंद करायला उठलो, तर आण्णांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात इतकी ताकद नाही... पण मला सुटता येईना. अकरा फेऱ्या मोजल्या. ते पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

बायकोला हाक मारली. ती आली. "काय दाबी ऱ्हायनात तुमी?"

"काहीच नही. सेल मन्हा खिशात शेतस."

तिने आण्णांकडे पाहिलं. दर दोन तासांनी आम्ही त्यांची कूस बदलतो; भिंतीवर मी तक्ताच लावलाय. उजवा हात दर वेळी उशीवर, मागे, त्यांना दिसणार नाही असा.

"आण्णा, हाऊ हात आठे ठेवू का?"

त्यांनी डोळे मिटून उघडले. तिने तो हात उचलून कंट्रोलरवर ठेवला. सातवी, म्हणजे उजवीकडची पहिली, जागा चमकली आणि रिकामी राहिली. माझं मनगट सुटलं.

डॉक्टर म्हणतात, त्या हाताला संवेदना नाही. कंट्रोलर विकणारा म्हणतो, सेलशिवाय तो चालूच शकत नाही. दोघांचंही मला पटतं. तरी त्या सहा जागा कोणी भरल्या, ते सांगता येत नाही.

तक्त्यात मात्र एक रकाना वाढवलाय — 'हात कुठे ठेवू, विचारलं का?'