आत्याबाईंची फळी

मे महिन्याची एकवीस तारीख. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा तेरावा होता आणि शय्यादानाची गादी निवडून आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. गादी, उशी, चादर असं सगळं अंथरूण गुरुजींना द्यायचं, म्हणजे ते गेलेल्या माणसाला तिकडे पोचतं, अशी आमच्याकडची समजूत. सासरे सकाळीच म्हणाले, "गादी चांगली घ्या. हलकी नका आनू. तिला पाठीचा लई तरास होता." मी हातातला कप खाली ठेवला. ठेवला नसता तर फेकला असता.

सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई गावातल्या सोसायटीच्या पाटीवर झोपायच्या. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. सोसायटीच्या ऑफिसवर लोखंडी पाटी लागली, तेव्हा जुनी सागवानी पाटी सासऱ्यांनी घरी आणली. ते चेअरमन होते, पाटी आणायला कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. अक्षरं खाली, कोरी बाजू वर, खाली विटा आणि अंगाखाली एक सतरंजी. माणूस मावेल एवढी लांब, कूस बदलायला जेमतेम पुरेल एवढी रुंद. घरात तिला फळी म्हणत. "आईची फळी उनात टाक," "आईच्या फळीखाली मुंग्या झाल्यात," असं बोलणं रोजचं होतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पाठ मोडली ती दुष्काळात. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी पाऊस गेला. तलवाड्याकडून टँकर यायचा आणि गावाच्या चौकात उभा राहायचा. चेअरमनच्या घरी आधी पाणी गेलं तर लोक काय म्हणतील, म्हणून सासऱ्यांनी ठरवलं की आपल्या घरात टँकरचं पाणी घ्यायचंच नाही. फार वाहवा झाली. लोक अजून सांगतात, माणूस किती तत्त्वाचा. ते तत्त्व डोक्यावरून वाहिलं आत्याबाईंनी. गावाबाहेरच्या विहिरीला खोल बुडाशी पाणी होतं, पायऱ्या झिजलेल्या होत्या. बैठकीत मात्र कारखान्याचे संचालक, सोसायटीचे मेंबर, छावणीचे ठेकेदार दिवसभर बसलेले, आणि त्यांना गार पाण्याचे तांबे सारखे जात होते. असाच एक हंडा घेऊन वर चढताना आत्याबाई घसरल्या. हंडा सोडला असता तर वाचल्या असत्या. त्यांनी हंडा धरून ठेवला.

डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं, मऊ गादीवर झोपू नका, कडक अंथरूण घ्या. ही बाई पाठीवर झोपते की कुशीवर, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सासऱ्यांना सांगता आलं नसतं. ते बैठकीत झोपायचे. बायको कशी झोपते हे त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. पण डॉक्टरांचा शब्द त्यांनी ठराव पास करावा तसा उचलला. "कडक म्हंजी कडक," म्हणाले आणि फळी आली.

आत्याबाई डाव्या कुशीवर झोपायच्या. नेहमी. दोन्ही हात गालाखाली आणि तोंड दाराकडे. मी एकदा विचारलं, "पाठीवर का नाही झोपत?" तर म्हणाल्या, "सवयच न्हाई. आधी लेकरं पाजायची होती. मग ह्यांची वाट बघायची. कुशीवर निजलं की एक डोळा दाराकडं ऱ्हातो." कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. खाली लाकूड असेल तर ती दोन हाडंच टेकतात आणि मधली कंबर अधांतरी राहते. हे कळायला डॉक्टर लागत नाही, फरशीवर एक रात्र काढली की कळतं. त्यांच्या डाव्या खुब्यावर घट्टा पडला होता, बैलाच्या खांद्यावर जुवाखाली पडतो तसा. अंघोळीच्या वेळी पाठ चोळताना मी पाहिला. "हे काय?" तर म्हणाल्या, "फळीचा शिक्का."

त्यांनी आपली सोय केलेली होती, पण चोरून. सगळे झोपले की जुन्या लुगड्याची घडी खुब्याखाली जायची, गोधडीचा बोळा दोन गुडघ्यांच्या मधे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून दोन्ही पुन्हा पेटीत. सासऱ्यांनी एकदा घडी पाहिली आणि ओरडले होते, "तू आसं मऊ मऊ करती, मग फळीचा गुन कसा यायचा?" तेव्हापासून पाठ दुखते हेही त्या बोलेनाशा झाल्या. कारण दुखते म्हटलं की फळी नीट वापरली नाही असा त्यांच्यावरच आळ. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "कडक हाय तेच बरं हाय. कडक मानसं संभाळली, फळीचं काय."

लोक हसायचे या वाक्याला. सासरेही हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

मी त्यांना बीडला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "आजी, झोपता कशा?" मग नीट समजावलं. कुशीवर झोपणाऱ्याला फळीही नको आणि पिंजल्या कापसासारखी गादीही नको. खांदा आणि खुबा थोडा आत जाईल, पण कंबर तोलून धरली जाईल अशी गादी हवी. उशी खांद्याच्या उंचीची आणि गुडघ्यांत दुसरी एक उशी. आत्याबाई मान डोलवत होत्या. गुडघ्यातल्या उशीचं ऐकल्यावर माझ्याकडे बघून हसल्या. तेवढं तरी त्यांचं बरोबर निघालं होतं.

घरी आल्यावर मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "डाक्टर काय, रोज नवं सांगत्यात." त्यांच्याकडून हेच येणार, हे मी धरूनच चालले होते. खरा राग मला आत्याबाईंचा आला. मी म्हटलं, उद्याच गादी आणते. तर त्याच नको म्हणाल्या.

"का नको?"

"आगं, जनावरं छावनीला हायेत गावाची. निम्मी मानसं उसाला गेलीत, पालात निजत्यात. अन् चेअरमनची बायकू गादीवर लोळती म्हनतील."

"चेअरमन लोळतात ते? बैठकीत एवढ्या गाद्या आहेत त्या?"

"त्या लोकांसाठी हायेत," त्या म्हणाल्या. "बैठकीला गादी लागतीच."

बैठकीतल्या गाद्या म्हणजे घराची शान. भिंतीच्या कडेनं ओळीनं घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र खोळी, लोड, आणि कपाटात तशाच कोऱ्या आणखी दोन, मोठा कुणी मुक्कामाला आला तर असाव्यात म्हणून. त्या खोळी धुवायच्या आम्ही. दुष्काळातही धुवायच्या, विहिरीवरून आणलेल्या पाण्यानं.

एकदा सासरे कड्याला साखर कारखान्याच्या मीटिंगला गेले होते. दुपारी मी आणि थोरल्या जाऊबाईंनी कपाटातली एक गादी काढून आत्याबाईंच्या फळीवर टाकली. नको नको म्हणत त्या टेकल्या. मी गुडघ्यांत उशी दिली, कमरेखाली हात घालून पाहिला. थोड्या वेळानं बघते तर तोंड उघडं आणि घोरणं चालू. घोरतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. जाऊबाई दाराशी बसून शेंगा फोडत होत्या, त्या मधूनमधून आत बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन-तीन तास गेले असतील. मग अंगणात जीपचा आवाज आला. कुणी तरी साहेब दुष्काळ बघायला आला होता. आत्याबाई एका झटक्यात उठल्या. कुणी काही म्हणालं नव्हतं. त्यांनी स्वतः गादीवर हात फिरवून सुरकुत्या काढल्या, गादी उचलली आणि बैठकीकडे निघाल्या. मी "थांबा, थांबा" म्हणत मागे धावले. उंबऱ्यातच कमरेत उसण भरली. त्या वाकल्या त्या वाकल्याच. गादी मात्र त्यांनी खाली पडू दिली नाही. त्या गादीवर साहेब तक्क्याला टेकून बसला आणि पाऊस कमी झाल्याचं सांगून गेला.

त्यानंतर आत्याबाई पुन्हा गादीवर टेकल्या नाहीत. गेल्या त्याही फळीवरच, झोपेत. दाराकडे तोंड करून.

तर त्या एकवीस तारखेला बीडला गादीचं दुकान. बरोबर नवरा होता. दुकानदार प्रत्येक गादीवर मूठ आपटून दाखवत होता. "ही बघा ताई, पाठीच्या दुखण्यासाठी पेशल. एकदम कडक."

मी चप्पल काढली आणि गादीवर डाव्या कुशीला आडवी झाले.

"आगं, ऊठ. लोक बघत्यात," नवरा म्हणाला आणि स्वतः छताचा पंखा बघायला लागला.

"बघू द्या. मुठीला नाही झोपायचं हिच्यावर."

ती पाठीची पेशल गादी फळीची सख्खी बहीण होती. खांद्याला लगेच रग लागली. दुसरी नुसत्या फोमची. तिच्यात कंबर झोळीसारखी खाली गेली. तिसरीला आत काथ्या आणि वर बोटभर मऊ थर होता. खांदा थोडा रुतला, खुबा रुतला, कमरेखाली हात सरकवून पाहिला तर हात जाईना. मी तशीच पडून राहिले. पहिल्या क्षणी सगळ्याच गाद्या बऱ्या वाटतात, जरा वेळ दिला की खरं कळतं.

"कुणासाठी घ्यायची ताई?" दुकानदारानं विचारलं.

"सासूबाईंसाठी."

"मग त्यांनाच आणायचं की. ज्याची पाठ त्यानं बघितलेली बरी."

"उद्या तेरावा आहे त्यांचा."

त्यानं मूठ खाली घेतली. मग आवाज उतरवून म्हणाला, "मग ताई, ही कशाला? शय्यादानाच्या वेगळ्या असतात." आणि आतून एक पापडासारखी गादी आणली, वर फुलाफुलांचं कापड. "सगळे हीच नेतात. निजायचं कुणाला असतंय तिच्यावर?"

मी तिसरी गादी टेम्पोत घालायला सांगितली.

संध्याकाळी सासऱ्यांनी गादी दाबून पाहिली, समाधानानं मान हलवली. "चांगलीय. तिला बरं वाटंल." मग तिथेच उभं राहून जाऊबाईंना म्हणाले, "थोरले, आईची फळी आता तुझ्या खोलीत घे. तुझी बी कंबर धरती. उगं पडून कशाला ठिवायची."

"बरं मामा," जाऊबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तोवर त्या ओल्या फडक्यानं फळी पुसत होत्या.

"अक्का, तुम्ही कशा झोपता?"

"कशा म्हंजी? कुशीवर."

"मग ही कशाला घेता?"

"आगं, आत्याबाई निजल्याच की इतकी वर्सं." त्यांनी फडकं पिळलं. "त्यांना कुटं काय झालं?"

 

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, नवी गादी घरात लागते, तुम्हाला बैठकीतली कोरी देते, चालेल का? गुरुजी व्यवहारी माणूस. म्हणाले, "मंत्र तेच हायेत. खोळ धुतलेली आसली म्हंजी झालं." कपाटात पाहिलं तर कोऱ्या गाद्या कुणा पुढाऱ्याच्या लग्नाला गेलेल्या. मग मी बैठकीच्या ओळीतलीच एक, सासऱ्यांच्या तक्क्याशेजारची, उचलली, तिला धुतलेली खोळ घातली आणि गुरुजींपुढे ठेवली. ओळीत पडलेल्या खिंडारात फळी आणून टाकली, अक्षरं वर करून.

सासरे आले. पाहुणे यायला लागले होते. "हितली गादी कुनी काढली?"

"मी."

"मग लोकं कशावर बसतील?"

"फळी आहे की. कडक आहे, पाठीला गुण येतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळीवरच्या आपल्या सोसायटीच्या नावाकडे पाहिलं.  मग चार माणसांदेखत ते फळीवरच बसले.

मी थोरल्या जाऊबाईंच्या खोलीत नवी गादी अंथरली आणि त्यांना दंडाला धरून आणलं. "आज? तेराव्याच्या दिशी? पंगती कोन वाढील?" म्हणत होत्या. मी म्हटलं, "पडा. डाव्या कुशीला." गुडघ्यांत उशी दिली, कमरेखाली हात घालून पाहिला, दार ओढून घेतलं, आणि भाताचं पातेलं उचलून पंगतीत वाढायला गेले.