जवळ्याच्या वाळूतला केक

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ पदार्थ बिघडले, पण ज्याच्या वासावर गल्लीतली मांजरं घर शोधत आली असा केक एकच. शेजारच्या कोळणीची जवळा वाळवायची वाळू मी चोरून आणली, कुकरात भरली आणि तिच्यावर नातीच्या वाढदिवसाचा केक भाजला. असं कुणी करतं का? मी केलं. म्हणजे तेव्हाच्या मीनं. तेव्हा मी जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची होते, पोरसवदा, अकलेनं कच्ची. आता पासष्टी उलटल्यावर त्या बाईकडे बघते आणि वाटतं, हिला हाताला धरून एका जागी बसवायला कुणीतरी हवं होतं.

एका जागी बसणं माझ्या नशिबातच नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा उगाच.

आमचं घर आगरदांड्याच्या धक्क्याजवळ, खाडीकाठी. पलीकडे दिघी. माणसं आणि गाड्या घेऊन बोट दिवसभर ये-जा करते आणि तिचा भोंगा थेट माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. एरवी त्या भोंग्यावर मी भाताला आधण ठेवते, त्यावरच दुपारची पडते. त्या वर्षी मात्र भोंगा वाजला की मी हातातलं टाकून आधी दाराकडे बघायचे.

कारण सून घरी आली होती. मुलाची आखातातली नोकरी सुटली. दुसरी शोधायला तो तिथंच राहिला, कुणाच्या तरी खोलीत वळकटी टाकून, आणि बायकोला नि मुलीला त्यानं माझ्याकडे पाठवून दिलं. मी खूश. हे गेल्यापासून घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच टिकटिकत होतो. आता सून आली, नात आली, घर भरलं. पण भरलेल्या घरात सूनबाईचं मन काही टेकेना.

तिथं तिच्या स्वयंपाकघरात म्हणे अख्खा बोकड मावेल असा ओव्हन होता. आसपासच्या बिऱ्हाडांत पोराचा वाढदिवस असला की केक हिचा. येताना तो ओव्हन ती शेजारणीला देऊन आली. आणि इथं काय? दोन बर्नरचा गॅस, मागच्या पडवीत चूल, आणि वीज अशी की मिक्सर लावला तर फ्रीज दम टाकतो. आल्या आल्या तिनं वायरमनला बोलावून विचारलं, इथं ओव्हन चालेल का? त्यानं मीटरकडे बघितलं, छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "चालंल की. घर जळंल, पण चालंल."

तेव्हापासून ती घरात नुसती फिरायची. ओट्याची लांबी वितीनं मोजायची, कपाटं उघडायची, मिटायची. पुढच्या दारात जाऊन उभी राहायची, तिथून मागच्या दारात. तिची मोठी बॅग खोलीच्या कोपऱ्यात होती तशीच उभी. विमानाची चिठ्ठीसुद्धा बॅगेच्या मुठीवरून काढलेली नव्हती. लागेल तेवढा कपडा ती बॅगेतून ओढून काढायची आणि वाळला की परत बॅगेत घालायची. मी तिच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे केले होते. ते रिकामेच.

मी काय कमी? ती पुढच्या दारात गेली की मी मागच्या. दोघी घरात अशा फिरत होतो, जशा टोपलीत दोन चिंबोऱ्या.

सोमवारी ती म्हणाली, "अम्मी, गुरुवारी संध्याकाळच्या बोटीनं आम्ही पलीकडे जातो. जुम्म्याला हिचा वाढदिवस. भावाकडे ओव्हन आहे, तिथंच केक करीन. हिला दरसाल माझ्या हातचा केक लागतो."

तिचं माहेर दिघीच्या बाजूला. मी विचारलं, "मग परत कधी?"

"बघू," ती म्हणाली.

बॅग घेऊन गेलेल्या सुनेचं 'बघू' म्हणजे काय, हे सासूला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी "बरं" म्हणाले आणि कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी जेवणात कांदा कशातच नव्हता. नुसता चिरून ठेवला होता.

माझ्या डोक्यानं एकच घेतलं. ओव्हनसाठी जातेय ना? मग केक इथंच झाला तर? शेजारच्या पोरीकडून फोनवर व्हिडिओ लावून घेतला. त्यातली बाई म्हणत होती, ओव्हनची गरज नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढा, तळाला मीठ नाहीतर वाळू पसरा, झाकण ठेवून तापवा, वर केकचं भांडं ठेवा. मीठ नाहीतर वाळू! आता मला सांगा, समुद्र दारात असताना कुकरभर मीठ कोण जाळील? शिवाय अठ्ठावन्नच्या वयात माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटत असतं.

बुधवारी पहाटे फजरची नमाज झाली आणि मी डबा घेऊन पुळणीवर गेले. सगळीकडे वाळू ओली, दाणा जाड, मधे मधे शेवाळ. फक्त एका जागी मऊ, कोरडी, सपाट, चाळून ठेवल्यासारखी. माझ्या कोळीण शेजारणीची ती जागा. तिथं ती जाळं अंथरून जवळा वाळवते. जाळं गुंडाळलेलं होतं, ती मासळी घ्यायला बंदरावर गेलेली. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि डबा भरला. जवळा जाळ्यावर असतो, वाळू जाळ्याखाली असते, म्हणजे वाळू निराळी, असा माझा हिशोब. जाळ्याला भोकं असतात, आणि बोटाच्या पेराएवढा जवळा त्यातून वर्षानुवर्षं खाली झिरपतो, हे खाडीकाठी जन्म काढलेल्या बाईला सुचलं नाही.

सून नातीला घेऊन डोकं धुवायला बसली तेवढ्यात मी कुकर चढवला. रवा, दही, साखर, अंडी, वेलची, सगळं झकास. वाळू तापायला लागली तशी आतून तडतड ऐकू आली. बारके शिंपले फुटत होते. मला वाटलं, तापल्याची खूण असेल. भांडं आत ठेवलं. आणि मग माझा जुना रोग. झाकण उघडून बघ. मिट. परत उघड. फुगला का? नाही. आता? खिडकीपाशी जा, परत ये, उघड.

पहिलं मांजर तेव्हाच खिडकीत आलं. मग दुसरं. मी त्यांना हाकलतेय तोवर नात ओल्या केसांनी पळत आली. "दादी, फिश फ्राय?"

"केक आहे गं!"

"फिश केक?"

तिच्या मागोमाग सून आली. डोक्याला टॉवेल. तिनं कुकरमध्ये वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. केक वरून गोरा, मधे बसलेला, खालून करपलेला आणि वास असा, की जवळ्याची चटणी साखरेत पडावी. तिनं सुरीनं कडेचा तुकडा काढला आणि तोंडात टाकला. मी झाकण हातात घेऊन उभी.

तेवढ्यात मागच्या दारातून कोळीण ओरडली, "काय गो भाभी, माझ्या वाळूत खड्डा कुणी केलान? कुत्रा आलावता काय?"

सुनेनं दारातून कोळणीकडे बघितलं. मग कुकरातल्या वाळूकडे. मग ती जी हसत सुटली! ओट्याला धरून हसली, खाली बसून हसली, टॉवेल सुटला तरी हसली. ह्या घरात आल्यापासून तिचं हसू मी ऐकलंच नव्हतं. मीही हसायला लागले, आणि बघते तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते हसण्याचं राहिलेलं नाही.

"ओव्हन देताना शेजारणीनं विचारलं, परत आलीस की घेशील ना?" ती म्हणाली. "मी हो म्हटलं, अम्मी. हो म्हटलं मी."

मला बोलता येतं तेवढं जवळ घेता येत नाही. मी तिच्या हातातली सुरी तेवढी काढून घेतली.

जरा वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "ह्या घरात आधी कुणी असलं काही केलंच नाही का?"

"सासूबाई करायच्या ना. रव्याचा रोट. नारळाच्या दुधातला. टोपात घालायचा, खाली चुलीची मंद आच, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. वरून-खालून सारखा भाजतो. काय रोट व्हायचा!"

"मग तुम्ही तेच का नाही केलंत?"

आता काय सांगू? दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे लाज. एवढ्या मोठ्या ओव्हनवाल्या सुनेला पडवीतल्या चुलीपुढे बसवायचं? त्यापेक्षा फोनमधला कुकर बरा, जरा नव्या जमान्याचा वाटेल. दुसरी म्हणजे, निखाऱ्याच्या रोटापाशी हलता येत नाही. निखारा विझत आला की बदल, कड तापली की टोप फिरव, आणि झाकण उघडायचं नाही. नवी नवरी असताना सासूनं मला तिथं बसवलं होतं. मी चारदा झाकण उचललं आणि सगळी राख रोटावर. पाहुण्यांदेखत सासू म्हणाली होती, "हिच्या बुडाला काटे हाईत." त्यावर अख्खं घर हसलं होतं. तेव्हापासून मी रोटाच्या वाटेला गेले नव्हते.

हे सगळं सुनेला सांगितलं. ती ऐकत होती आणि हाताला लागलेली वाळू चोळत होती. मग म्हणाली, "उद्या दुपारी करू या. मी घेऊन जाईन बोटीतून. भावाकडचे खातील."

म्हणजे जाणं होतंच.

गुरुवारी सकाळपासून वारा सुटला होता. झावळ्या नुसत्या आपटत होत्या. बॅग कोपऱ्यातून निघून पुढच्या दाराशी आली. मी माळ्यावर चढून सासूचं झाकण काढलं, गंजलेलं, काठ वर वळलेलं. नारळ खवला, दूध काढलं, रवा भिजवला, वेलची कुटली, टोपात तूप सोडलं. दुपारची नमाज झाल्यावर चूल पेटवली. सून पडवीत येऊन उकिडवी बसली. धूर तिच्या डोळ्यांत गेला, माझ्या गेला. मी निखारे चिमट्यानं झाकणावर मांडले.

"बोटीआधी होईल ना?"

"होईल की."

मग आम्ही बसलो. खरंच बसलो. ती एका बाजूला, मी दुसऱ्या. मी उठले की ती म्हणायची, "अम्मी, बसा." ती उठली की मी म्हणायचे, "कड तापली बघ, टोप फिरव." कुणालाच हलता येईना. बसल्या बसल्या ती बोलायला लागली. मुलाचा फोन आला की तो हसून बोलतो आणि फोन ठेवायच्या आधी गप्प होतो, ते सांगितलं. रात्री नातीला कुशीत घेऊन ती काय काय मोजते ते सांगितलं. मी माझ्या सासूच्या शिव्या सांगितल्या. नात कोळणीकडे गेली होती, खड्डा बुजवायला.

वेलचीचा वास पडवीभर झाला. कडेनं तुपाचा चर्र असा आवाज यायचा तो थांबला. तो थांबला म्हणजे रोट झाला, एवढं मला सासूकडून आलेलं आहे. ऊन अजून अंगणात होतं. बोटीला भरपूर वेळ होता.

सून म्हणाली, "झाला असेल का?"

मी म्हटलं, "छे! अजून कच्चा आहे."

होय, खोटं बोलले. तिनं नव्या करवंट्या आणल्या. मी त्यातला जेमतेम एक निखारा झाकणावर ठेवला, तोही दाखवायला, आणि चुलीतलं लाकूड हळूच बाहेर ओढलं. जरा वेळानं परत, "आता?" मी नाक वर करून वास घेतला, हकीमानं नाडी बघावी तसा. "अजून जरा. मधे ओला राहील." मधेच काळं मांजर कुंपणावर आलं, त्याला हाकलायला मी पार विहिरीपर्यंत गेले, तेवढाच वेळ जाईल म्हणून. परत आले तर ती तशीच बसलेली, गुडघ्यावर हनुवटी टेकून, टोपाकडे बघत.

"झाला?"

"कच्चाय गं. घाई करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. आणि घाई केली नाही.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून छपरावर गेलं. मग धक्क्यावरून संध्याकाळच्या, शेवटच्या बोटीचा भोंगा आला. लांब, एकच. मी टोपाकडे बघत राहिले, वर बघायची छाती होईना. सूनही हलली नाही. बोटीचं इंजिन खाडीभर घुमलं, हळूहळू बारीक झालं आणि मग नुसता वारा राहिला.

तेव्हा मी म्हटलं, "आता झाला वाटतं."

तिनं झाकण उचललं. एक कणही राख आत पडली नाही. रोट वरून तांबूस, कडा सुटलेल्या, आणि मधोमध एक बारीक चीर. मी ती चीर बघितली, पण वाटलं, फुगताना पडली असेल. तिनं टोप खाली उतरवला, पदराला हात पुसले, पुढच्या दाराशी गेली आणि बॅग उचलून आत नेली. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. मग दुसरा. परत येऊन ती माझ्याशेजारी बसली आणि रोटाची वडी माझ्या हातावर ठेवत म्हणाली,

"अम्मी, रोट मघाशीच झाला होता. तुम्ही मांजराच्या मागे विहिरीवर गेलात ना, तेव्हा मी सुरी घालून बघितली होती."